धूम्रपानप्रतिबंधक शिक्षण

धूम्रपानप्रतिबंधक शिक्षण : सिगारेट, विडी, चिलीम, हुक्का इत्यादींच्या द्वारे तंबाखूचा धूर ओढण्याच्या सवयीपासून व्यक्तीला, विशेषतः कुमारवयीन व तरुण व्यक्तीला, दूर ठेवण्याच्या हेतूने दिल्या जाणाऱ्या शिक्षणास धूम्रपानप्रतिबंधक शिक्षण म्हणतात. आरोग्यशिक्षणाची ही एक शाखा असून तीत धुराच्या दुष्परिणामांची माहिती, व्यसन जडण्याच्या प्रक्रियेचे ज्ञान आणि समवयस्कांच्या व जाहिरातींच्या प्रभावाला तोंड देण्याचे कौशल्य या तीन गोष्टींचा अंतर्भाव होतो. हे शिक्षण लहान वयातच द्यावे लागते, याचे कारण धूम्रपानाच्या स्वरूपातच आहे. सवय बहुधा कुमारवयात किंवा ऐन तारुण्यात लागते; तिच्यापासून उद्‌भवणारे गंभीर रोग मात्र वीस ते चाळीस वर्षांनंतर प्रकट होतात. पहिली सिगारेट ओढणारा मुलगा आणि तिचे फळ भोगणारा प्रौढ मनुष्य यांच्यामध्ये जवळजवळ एका पिढीचे अंतर पडते. धूम्रपानाविषयीच्या सर्व शैक्षणिक प्रयत्नांपुढील मूळ अडचण हीच होय.

सिगारेटचा प्रसार : तंबाखूची वनस्पती मूळची अमेरिका खंडातील आहे [⟶ तंबाखू]. १४९२ मध्ये कोलंबसाच्या सहकाऱ्यांना तेथील रहिवासी तंबाखूचा धूर ओढताना प्रथम दिसले. पोर्तुगालमधील फ्रेंच राजदूत झां नीको याने १५६० च्या सुमारास तंबाखू फ्रान्सच्या दरबारी पाठविली. निकोटीन हे नाव त्याच्यावरूनच पडले. भारतात ती पोर्तुगीजांमार्फत आली. सतराव्या शतकाच्या आरंभी असदबेग याने विजापूरहून तंबाखू व हुक्का आणून अकबरापुढे ठेवल्याचे वर्णन आढळते. इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याने १६०४ मध्ये तंबाखूचा निषेध करणारी पुस्तिका लिहिली आणि जहांगीर बादशाहाने १६१७ मध्ये धूम्रपानास बंदी करणारे फर्मान काढले. तंबाखूविरुद्धचा उपदेश व तंबाखूवरील बंदी या दोन्ही गोष्टी तिच्या प्रसाराइतक्याच जुन्या आहेत आणि केवळ तेवढ्याने तिचा प्रसार थांबला नाही, असे यावरून दिसून येते.

सिगारेट हा मात्र तंबाखूसेवनाचा अलीकडचा प्रकार होय. जेम्स बॉनसॅक या अमेरिकन तरुणाने सिगारेट वळणाऱ्या यंत्राचे एकस्व (पेटंट) १८८१ मध्ये मिळविले. हाताने काम करणारा कुशल कामगार मिनिटाला चार-पाच सिगारेटी वळू शकत असे. हे यंत्र मिनिटाला सुमारे २०० सिगारेटी तयार करी. त्यामुळे सिगारेट स्वस्त झाली. शिवाय तिच्यात वापरली जाणारी, बंदिस्त कोठारात उष्णतेने वाळविलेली तंबाखू सौम्य व किंचित अम्लधर्मी धूर देते. चिरूटाचा किंवा चिलमीचा तिखट धूर बहुतेक वेळा तोंडातच घोळविला जाई. सिगारेटचा धूर थेट फुप्फुसांच्या तळापर्यंत ओढता येऊ लागला. दोन महायुद्धांत सैनिकांना सिगारेटींचा मुबलक पुरवठा झाला व युद्धाहून परतलेल्यांबरोबर ही सवय घरोघर पोहोचली. फुप्फुसाचा कर्करोग विसाव्या शतकाच्या आरंभी एक दुर्मिळ रोग मानला जात होता. शतकाच्या मध्यास पाश्चात्त्य देशांत तो मृत्यूचे एक प्रमुख कारण बनला, त्याची पार्श्वभूमी ही आहे.

भारतात सिगारेटपेक्षा विडीचा प्रसार अधिक आहे. २०१६–१७ मध्ये झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशातील प्रौढांपैकी ७·७ टक्के लोक विडी ओढत होते, तर सिगारेट ओढणाऱ्यांचे प्रमाण ४ टक्के होते. विडीत तंबाखू कमी असते व तिला कागदाऐवजी टेंभुर्णीचे पान असते, म्हणून ती कमी अपायकारक असावी असा समज आढळतो. तो चुकीचा आहे. विडी विझू नये म्हणून ती वारंवार व जोराने ओढावी लागते. मुंबईत सुमारे दीड लाख लोकांचा दीर्घकाळ मागोवा घेणाऱ्या एका अभ्यासात, विडी ओढणाऱ्यांतील मृत्यूचे प्रमाण सिगारेट ओढणाऱ्यांतील प्रमाणाहूनही अधिक आढळले.

धुराचे घटक व व्यसन : सिगारेटच्या जळत्या टोकाचे तापमान झुरका घेताना सुमारे ९००° से. पर्यंत जाते. या उष्णतेमुळे तंबाखूतील द्रव्यांचे विघटन होऊन सात हजारांहून अधिक रासायनिक पदार्थ धुरात उतरतात. त्यांपैकी सुमारे ७० पदार्थ कर्करोगास कारणीभूत होणारे आहेत. शिक्षणाच्या दृष्टीने धुराचे तीन घटक ध्यानात घेणे पुरेसे आहे. पहिला म्हणजे डांबरासारखा चिकट तपकिरी पदार्थ (टार). बहुतेक कर्ककारक द्रव्ये यात असतात. दुसरा कार्बन मोनॉक्साइड वायू. रक्तातील हीमोग्लोबिनाशी हा वायू ऑक्सिजनाच्या दोनशेहून अधिक पट जोमाने संयोग पावतो. त्यामुळे रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची क्षमता घटते व हृदयावर ताण पडतो. तिसरा घटक निकोटीन होय.

निकोटीन हे अल्कलॉइड धुराबरोबर फुप्फुसांत शिरून अवघ्या १० ते २० सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते. तेथे डोपामीन हे सुखद संवेदना निर्माण करणारे द्रव्य मुक्त होते. रक्तातील निकोटिनाचे प्रमाण सुमारे दोन तासांत निम्म्यावर येते आणि मग अस्वस्थता, चिडचिड व एकाग्रतेचा अभाव जाणवू लागतो. पुढील सिगारेटने ही अस्वस्थता तात्पुरती शमते. ‘सिगारेटमुळे मन शांत होते’ या अनुभवाचा बराचसा उगम यातच आहे. जो त्रास सिगारेट दूर करते, तो आधीच्या सिगारेटनेच निर्माण केलेला असतो. निकोटिनाचे व्यसन हेरॉइन व कोकेन यांच्या व्यसनाच्या जातीचेच आहे, असा निष्कर्ष अमेरिकेच्या सर्जन जनरलने १९८८ च्या अहवालात नमूद केला. कुमारवयात मेंदूची वाढ पूर्ण झालेली नसल्याने हे व्यसन त्या वयात अधिक लवकर जडते. रोज सिगारेट न ओढणाऱ्या मुलांतही त्याची लक्षणे दिसू शकतात.

धूम्रपानजन्य रोग : श्वासनलिकांच्या आतील अस्तरावर सूक्ष्म केसांसारखे तंतू असतात. त्यांच्या सततच्या हालचालीमुळे धूळ व कफ वर ढकलला जातो. धुरामुळे हे तंतू प्रथम मंदावतात व पुढे नष्ट होतात. कफ साठून राहतो आणि सकाळचा खोकला सुरू होतो. पुष्कळ लोक या खोकल्याला महत्त्व देत नाहीत, परंतु दीर्घकालीन श्वासनलिकादाहाचा तो आरंभ असू शकतो. कालांतराने फुप्फुसांतील वायुकोशांच्या भित्ती फाटून वातस्फीती हा रोग होतो. एकदा नष्ट झालेले वायुकोश पुन्हा निर्माण होत नाहीत. रोगी चार पावले चालताच धापा टाकू लागतो.

फुप्फुसाच्या कर्करोगाशिवाय मुख, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, स्वादुपिंड, मूत्रपिंड, मूत्राशय व गर्भाशयाची ग्रीवा यांचे कर्करोगही धूम्रपानाशी निगडित आहेत [⟶ कर्करोग]. तथापि धूम्रपानाचे बळी केवळ कर्करोगाने जातात असे नाही. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हातापायांच्या रोहिण्या बंद पडणे या विकारांचे प्रमाणही धूम्रपानामुळे वाढते. बर्गर रोग या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रोहिणीविकारात तरुण वयातच पायाची बोटे किंवा पाय कापून टाकण्याची वेळ येते. हा रोग जवळजवळ नेहमी तंबाखूसेवन करणाऱ्यांतच आढळतो. गर्भवती स्त्रीने धूम्रपान केल्यास मूल कमी वजनाचे जन्मते. भारतीय परिस्थितीत क्षयरोगाचा विशेष उल्लेख करावा लागतो. तमिळनाडूमध्ये झालेल्या व २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार धूम्रपान करणाऱ्या पुरुषांत क्षयाने मृत्यू येण्याचे प्रमाण धूम्रपान न करणाऱ्यांच्या सुमारे चौपट होते.

दुसऱ्याच्या सिगारेटचा धूर नाइलाजाने श्वासाबरोबर घ्यावा लागणे, हेही अपायकारक आहे. जपानमधील ताकेशी हिरायामा यांनी १९८१ मध्ये दाखवून दिले की, स्वतः धूम्रपान न करणाऱ्या परंतु धूम्रपानी पती असलेल्या स्त्रियांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण अधिक असते. घरात धूर असल्यास बालकांत दमा, न्यूमोनिया व कानाचे विकार वाढतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार तंबाखूमुळे जगात दर वर्षी सत्तर लाखांहून अधिक लोक मरण पावतात व त्यांत स्वतः धूम्रपान न करणाऱ्यांची संख्या दहा लाखांहून अधिक असते.

पुराव्याचा इतिहास : धूम्रपान व फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखविणारे संशोधन जर्मनीत १९३९ व १९४३ मध्ये झाले होते, परंतु युद्धामुळे त्याकडे फारसे लक्ष गेले नाही. १९५० मध्ये अमेरिकेत विंडर व ग्रॅहॅम यांचे आणि इंग्लंडमध्ये रिचर्ड डॉल व ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांचे निबंध प्रसिद्ध झाले. डॉल व हिल यांनी १९५१ मध्ये सुमारे ३४,००० ब्रिटिश पुरुष डॉक्टरांच्या सवयींची नोंद करून त्यांचा मागोवा घेण्यास आरंभ केला आणि हा अभ्यास पुढे पन्नास वर्षे चालला. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार आयुष्यभर सिगारेट ओढणाऱ्याचे आयुर्मान सरासरीने सुमारे दहा वर्षांनी घटते. साठाव्या, पन्नासाव्या, चाळिसाव्या व तिसाव्या वर्षी सवय सोडणाऱ्यांना त्यांपैकी अनुक्रमे सुमारे तीन, सहा, नऊ व दहा वर्षे परत मिळतात. तरुणांच्या शिक्षणात या आकड्यांचे महत्त्व मोठे आहे. कारण ते भीती दाखवितात त्याचबरोबर मार्गही दाखवितात.

लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेचा १९६२ मधील अहवाल व अमेरिकेचे सर्जन जनरल ल्यूथर टेरी यांनी ११ जानेवारी १९६४ रोजी प्रसिद्ध केलेला अहवाल यांमुळे हा प्रश्न सर्वसामान्य लोकांपर्यंत पोहोचला. भारतात या विषयावरील संशोधनाचे आद्य केंद्र मुंबई होय. सांघवी, राव व वसंत रामजी खानोलकर यांनी धूम्रपान व तंबाखू चघळणे यांचा मुख, घसा व अन्ननलिका यांच्या कर्करोगाशी असलेला संबंध १९५५ मध्ये मांडला. भारतातील अकरा लाख घरांवर आधारलेल्या व २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक अभ्यासानुसार सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचे आयुष्य सुमारे १० वर्षांनी, विडी ओढणाऱ्या पुरुषांचे ६ वर्षांनी व विडी ओढणाऱ्या स्त्रियांचे ८ वर्षांनी कमी होते.

तरुण वय व जाहिरात : अमेरिकेत रोज सिगारेट ओढणाऱ्या प्रौढांपैकी दहांतील जवळजवळ नऊ जणांनी पहिली सिगारेट अठराव्या वर्षापूर्वी ओढलेली असते. भारतात २०१९ मध्ये १३ ते १५ वर्षे वयाच्या विद्यार्थ्यांची पाहणी करण्यात आली. तीत ८·५ टक्के विद्यार्थी कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखूचे सेवन करीत असल्याचे आढळले. कुतूहल, मित्रांचा आग्रह, वडीलधाऱ्यांचे अनुकरण, मोठे झाल्याची भावना आणि पडद्यावरील नायकाचे आकर्षण ही प्रारंभाची नेहमीची कारणे होत. बहुतेक मुले ‘वाटेल तेव्हा सोडू’ अशा समजुतीने आरंभ करतात. आपल्या वयाची बहुतेक मुले धूम्रपान करतात, असाही त्यांचा समज असतो. वास्तविक ती संख्या त्यांच्या अंदाजापेक्षा पुष्कळच कमी असते.

व्यवसायाच्या दृष्टीने पाहता, मरण पावणाऱ्या व सवय सोडणाऱ्या ग्राहकांची जागा घेण्यासाठी नवे ग्राहक सतत लागतात आणि ते तरुणांतूनच मिळतात. अमेरिकेतील सिगारेटच्या एका जाहिरातीत उंटाचे व्यंगचित्र वापरले जाई. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सहा वर्षांच्या मुलांना ते चित्र मिकी माऊसइतकेच परिचित असल्याचे आढळले. भारतात सिगारेट-उद्योगाने क्रिकेटला आश्रय दिला होता. १९९६ ची विश्वचषक स्पर्धा सिगारेटच्या एका छापाच्या नावाने ओळखली गेली. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या गोव्यातील शालेय विद्यार्थ्यांच्या एका पाहणीत, अशा पुरस्कृत सामन्यांमुळे धूम्रपान व चांगला खेळ यांची मुलांच्या मनात सांगड पडते व सिगारेट ओढून पाहण्याकडे त्यांचा कल वाढतो, असे दिसून आले. धूम्रपानाचे धोके ज्ञात असूनही अमेरिकेतील प्रमुख कंपन्यांनी जनतेची अनेक दशके फसवणूक केली, असा निर्णय तेथील संघीय न्यायालयाने २००६ मध्ये दिला.

शिक्षणाच्या पद्धती : धूम्रपानप्रतिबंधक शिक्षणाच्या तीन अवस्था मानता येतात. पहिल्या अवस्थेत नैतिक उपदेश व भीती यांवर भर होता. दुसऱ्या अवस्थेत, म्हणजे १९६४ नंतर, रोगांची शास्त्रीय माहिती देण्यावर भर आला. या माहितीने विद्यार्थ्यांचे ज्ञान वाढले, पण वर्तनात अपेक्षेइतका बदल झाला नाही. पंधरा वर्षांच्या मुलाला पंचेचाळिसाव्या वर्षी होणाऱ्या रोगाचे भय वाटत नाही. पंचेचाळीस हे वय त्याच्या कल्पनेत वार्धक्यच असते. १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेतील ह्यूस्टन विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ रिचर्ड एव्हान्स यांनी तिसऱ्या पद्धतीचा पुरस्कार केला. रोगाच्या लसीमुळे शरीर प्रतिकारक्षम होते, त्याप्रमाणे मुलांना मित्रांच्या आग्रहाची व जाहिरातींच्या क्लृप्त्यांची आधीच ओळख करून देऊन नकाराचा सराव दिला, तर प्रत्यक्ष प्रसंगी ती टिकाव धरतात, असे तिचे तत्त्व होते. या पद्धतीत नाट्यीकरण, गटचर्चा व समवयस्क नेत्यांकडून शिकविणे यांचा वापर होतो. तसेच धाप लागणे, खेळातील दम कमी होणे, तोंडाची दुर्गंधी, बोटांवरचे डाग व पैशाचा अपव्यय या नजीकच्या परिणामांवर भर दिला जातो.

या पद्धतीचे यश सर्वत्र सारखे नाही. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात आठ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांना तिसऱ्या इयत्तेपासून शालेय शिक्षण संपेपर्यंत असे शिक्षण दिले गेले. परंतु २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार हे विद्यार्थी व इतर विद्यार्थी यांच्या धूम्रपानाच्या प्रमाणात काहीच फरक पडला नाही. याउलट फ्लॉरिडा राज्यात १९९८ पासून तरुणांच्याच सहभागाने कंपन्यांच्या फसवेगिरीवर प्रकाश टाकणारी मोहीम राबविली गेली, तेव्हा दोन वर्षांत तेथील माध्यमिक पूर्व वर्गांतील धूम्रपान १८·५ टक्क्यांवरून ११·१ टक्क्यांवर आले. या मोहिमेस शाळेबाहेरील प्रचाराची जोड होती. दिल्ली व चेन्नई येथील ३२ शाळांत २००४ ते २००६ या काळात झालेल्या प्रयोगात वर्गातील उपक्रम, भित्तिपत्रके, पालकांसाठी माहितीपत्रके व विद्यार्थिनेत्यांचा पुढाकार या सर्वांचा उपयोग करण्यात आला. जेथे हा कार्यक्रम राबविला गेला, त्या शाळांत तंबाखूसेवन १७ टक्क्यांनी घटले. जेथे तो नव्हता, तेथे ते ६८ टक्क्यांनी वाढले.

या अनुभवांवरून असे म्हणता येते की, वर्गातील पाठ एकाकी असेल तर तो दुर्बळ ठरतो. शाळेत सिगारेटचे धोके शिकवायचे आणि शाळेच्या दाराशी ती सुटी विकली जाऊ द्यायची, ही विसंगती मुलांच्या ध्यानात येतेच. शिक्षण, कायदा, किंमत व वडीलधाऱ्यांचे वर्तन ही चारही परस्परपूरक असावी लागतात. सिगारेटची किंमत दहा टक्क्यांनी वाढल्यास विकसनशील देशांत तिचा खप सुमारे पाच टक्क्यांनी घटतो आणि तरुणांवर किमतीचा परिणाम प्रौढांपेक्षा अधिक होतो.

भारतातील कायदे व उपक्रम : सिगारेटच्या पाकिटावर वैधानिक इशारा छापणे १९७५ च्या अधिनियमाने बंधनकारक झाले. गोवा राज्याने धूम्रपान व थुंकणे यांस प्रतिबंध करणारा कायदा १९९७ मध्ये केला. मुंबईचे मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ रोजी रुग्णालये, शिक्षणसंस्था, ग्रंथालये, सार्वजनिक वाहने इ. ठिकाणी धूम्रपानास मनाई केली. २००३ च्या केंद्रीय कायद्याने तंबाखूच्या जाहिरातींवर बंदी घातली, अठरा वर्षांखालील व्यक्तीस तंबाखूजन्य पदार्थ विकणे आणि शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आत त्यांची विक्री करणे निषिद्ध ठरविले. पाकिटांवरील चित्रमय इशारे ३१ मे २००९ पासून सुरू झाले व १ एप्रिल २०१६ पासून त्यांनी पाकिटाच्या दर्शनी भागाचा ८५ टक्के भाग व्यापला. २०१५ च्या बालन्याय अधिनियमानुसार बालकास तंबाखू देणे हा गंभीर अपराध ठरतो. इलेक्ट्रॉनिक सिगारेटच्या उत्पादनावर व विक्रीवर २०१९ मध्ये बंदी आली. महाराष्ट्र शासनाने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या सिगारेटी व विड्या विकण्यास मनाई केली. मुलांच्या खिशाला एकच सिगारेट परवडते, हे लक्षात घेता या निर्बंधाचे महत्त्व कळून येते. मुंबईत २००२ पासून सलाम बॉम्बे फाउंडेशन ही संस्था शालेय मुलांमध्ये तंबाखूविरोधी कार्य करीत आहे. दर वर्षी ३१ मे हा दिवस जागतिक तंबाखूविरोधी दिन म्हणून पाळला जातो.

शिक्षक, पालक व व्यसनमुक्ती : धूम्रपान करणाऱ्या शिक्षकाचा वा पित्याचा उपदेश फारसा परिणामकारक होत नाही. मात्र जो पिता आपल्याला जडलेले व्यसन मुलाशी मोकळेपणाने बोलतो व ते सोडण्याचा प्रयत्न करतो, त्याचे उदाहरण कोणत्याही पाठापेक्षा प्रभावी ठरू शकते. एखादा विद्यार्थी सिगारेट ओढताना आढळल्यास त्याला वर्गासमोर अपमानित करणे किंवा शाळेतून काढून टाकणे इष्ट नव्हे. त्यामुळे तो ज्या सोबत्यांपासून दूर व्हावयास हवा, त्यांच्याच अधिक जवळ जातो. त्याच्याकडे व्यसनाच्या उंबरठ्यावर असलेली व्यक्ती या दृष्टीने पाहून त्यास साहाय्य करणे आवश्यक असते.

सवय सोडल्यानंतर पहिला आठवडा सर्वांत कठीण असतो आणि बहुतेकांचा त्रास दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. एकदोन दिवसांतच रक्तातील कार्बन मोनॉक्साइडाचे प्रमाण पूर्ववत होते. सुमारे एका वर्षात हृदयविकाराचा वाढीव धोका निम्म्यावर येतो आणि सुमारे दहा वर्षांत फुप्फुसाच्या कर्करोगाने मृत्यू येण्याचा धोका, धूम्रपान चालू ठेवणाऱ्यांच्या तुलनेने, निम्मा होतो. पहिल्या प्रयत्नात यश न येणे ही नेहमीची गोष्ट असून पुष्कळांची सवय अनेक प्रयत्नांनंतर सुटते. डॉक्टरांचा सल्ला, समुपदेशन व प्रौढांच्या बाबतीत निकोटीनयुक्त गोळ्या किंवा चिकटपट्ट्या यांचा उपयोग होतो. भारतात २०१६ पासून यासाठी विनामूल्य राष्ट्रीय दूरध्वनिसेवा उपलब्ध असून तिचा क्रमांक तंबाखूच्या पाकिटांवर छापलेला असतो. तिशीच्या आत सवय सोडणाऱ्या तरुणाचे आयुर्मान जवळजवळ धूम्रपान न करणाऱ्याइतकेच राहते. म्हणून प्रतिबंधक शिक्षणाचे कार्य ज्यांनी आरंभ केलेला नाही त्यांच्यापुरते मर्यादित नसून, ज्यांनी नुकताच आरंभ केला आहे त्यांना वेळीच मागे फिरविणे हाही त्याचाच भाग ठरतो.